मोठी चाकं टाकल्यापासून गाडी घासते? आधी खडू घ्या, पाना नंतर

रिकामी गाडी गावात फिरवली तर काही नाही. घरचे पाच जण बसवून, डिकीत पिशव्या कोंबून तुळजापूरला निघालात, की पहिल्याच स्पीडब्रेकरला मागून ‘खर्रर्र’. जालन्यात माझं अलाइनमेंट-बॅलन्सिंगचं छोटं दुकान आहे आणि हे एकच दुखणं घेऊन महिन्याला चार-पाच गाड्या तरी येतात. गाडी बहुतेक पंधरा-सोळा वर्षांची सेडान असते, सेकंडहँड घेतलेली. दिसायला भारदस्त व्हावी म्हणून मूळ १३-१४ इंची लोखंडी डिस्क काढून १५ किंवा १६ चे अलॉय टाकलेले असतात. आणि बहुतेकांनी माझ्याकडं यायच्या आधी शॉकअप बदलून पैसे घातलेले असतात.

शॉकअपचा दोष दहात एखाद-दोन गाड्यांतच निघतो. म्हणून मी ज्या क्रमानं बघतो त्याच क्रमानं लिहितो. फुकटचं आधी, खर्चाचं शेवटी.

गाडी काय सांगतेय ते आधी ऐका

मागं वजन असताना खड्ड्यात किंवा ब्रेकरवर क्षणभर ‘खर्र’ आवाज आला, तर टायरचा बाहेरचा खांदा मडगार्डच्या आत वळवलेल्या पत्र्याच्या कडेला लागतोय.

स्टेअरिंग पूर्ण वळवल्यावरच पुढून घसघस येते आणि सरळ केलं की थांबते, तर आतलं प्लास्टिकचं लायनर किंवा मडफ्लॅप बघायचा.

८० च्या आसपास स्टेअरिंग थरथरतं आणि ११०-१२० ला कमी होतं, तर ते घासणं नाही. ते बॅलन्सिंग, रिम किंवा चाक मधोमध न बसल्याचं दुखणं. ब्रेक दाबल्यावरच थरथरत असेल तर चाकांना दोष देऊ नका, ब्रेकची डिस्क तपासा.

वेग वाढेल तसा वाढणारा एकसुरी ‘घूंऽऽ’ आवाज बेअरिंगचा असू शकतो. मोकळ्या रस्त्यावर गाडी हलकेच डावी-उजवी झुकवली आणि आवाज कमी-जास्त झाला तर बेअरिंगच धरा. मोठ्या चाकांच्या नादात हा आवाज बरेच जण ‘टायरचा असेल’ म्हणून सोडून देतात. तसं करू नका.

ॲव्हरेज पडलं, पिकअप गेला, ही तक्रार वेगळी. तिच्यावर पुढं लिहिलंय, कारण त्यात निम्मा हिशोबाचा खेळ आहे.

एक खडू, शून्य रुपये

पोराच्या दप्तरातला पांढरा खडू घ्या. टायरच्या खांद्यावर, म्हणजे जमिनीला टेकणारा भाग संपून बाजूची भिंत सुरू होते तिथं, पूर्ण गोल फिरवून जाड रेघ ओढा. मडगार्डच्या कडेच्या आतल्या अंगाला बोट फिरवून तिथंही खडू फासा. आता डिकीत युरियाच्या दोन गोण्या टाका (प्रत्येकी ४५ किलो), मागं दोघांना बसवा आणि ज्या ब्रेकरवर आवाज येतो तिथूनच हळू जा. खाली उतरून मोबाइलची बॅटरी लावून बघा.

खडू कुठं पुसला गेला ते एकदा दिसलं की निम्मी भांडणं मिटतात. टायरच्या बाहेरच्या खांद्यावरचा पुसला आणि मडगार्डच्या कडेला चकचकीत रेघ दिसली, तर चाक बाहेर आलंय किंवा मागची बाजू बसलीय. खडू जसाच्या तसा आहे पण टायरच्या आतल्या भिंतीवर काळी घासलेली पट्टी आहे, तर चाक आत गेलंय आणि शॉकअपच्या नळीला किंवा स्प्रिंगच्या वाटीला लागतंय. हे दुसरं जास्त वाईट, कारण आत ब्रेकचा होजही त्याच आसपास असतो.

ही तपासणी न करता कुणी ‘मडगार्ड ठोकून देतो’ म्हणाला तर किल्ली परत घ्या.

हवा

हसू नका. बारीक भिंतीच्या टायरमध्ये हवा कमी असेल तर ती नुसती बघून कळत नाही. पण खड्ड्यात टायर जास्त दबतो, भिंत बाहेर फुगते, आणि तीच कडेला लागते. शिवाय रिमची कड वाकायला तेवढं पुरे होतं.

हवा सकाळी, गाडी चाललेली नसताना भरा. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असतं, त्यावर रिकाम्या आणि भरलेल्या गाडीचे वेगवेगळे आकडे दिलेले असतात. तो आकडा मूळ साईजचा आहे, पण सुरुवात तिथून करायची. भरलेल्या गाडीचा आकडा बहुतेक लोक आयुष्यात कधी वाचत नाहीत. तापमान पाच-सहा अंशांनी वाढलं की प्रेशर साधारण एक पीएसआयने वाढतं. त्यामुळं मे महिन्यात दुपारी बीडहून आल्या-आल्या मोजली तर चार-पाच पीएसआय जास्त दाखवणारच. ‘जास्त झालीय’ म्हणून त्या वेळी काढायची नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी ती कमी पडते.

काळी माती

हे पुण्या-मुंबईच्या व्हिडिओत कुणी सांगणार नाही. आपली माती ओली झाली की गारा नाही, डिंक होते. पावसाळ्यात एकदा शेतरस्त्यानं जाऊन आलात की मडगार्डच्या आत लायनरच्या वर ती थापली जाते आणि वाळून विटेसारखी कडक होते. मूळ टायरला तिथं दोन बोटं जागा होती, मोठ्या टायरला एकच बोट उरली, त्यात ही वीट. दोन वर्षांपूर्वी अंबडकडची एक गाडी आली. मालकांनी आधीच दोन ठिकाणी दाखवलेली, शॉकअप नवे. आम्ही पाण्याचा फवारा मारला आणि मागच्या डाव्या कमानीतून घमेलंभर माती निघाली. आवाज बंद. मालक मातीकडं बघत उभे राहिले, मग म्हणाले, “शॉकअपचे पैसे कुणाला मागू?”

रिमच्या आतल्या पिंपाला चिकटलेली मातीही तशीच. एका बाजूला मूठभर वाळून बसली की चाक ८० ला थरथरणारच. बॅलन्सिंगला येण्याआधी चाकं आतून धुऊन या, माझं काम वाचेल आणि तुमचे पैसेही.

धुतल्यावर लायनरच्या प्लास्टिक क्लिपा मोजा. जुन्या गाडीत दोन-तीन तुटलेल्या असतातच, मग लायनर सुटून टायरवर लोंबतं. क्लिप काही रुपयांत मिळते. सुतळीनं बांधू नका, सुतळी टायरनं ओढली तर लायनर सगळं फाटून येतं.

आता पाटी-पेन्सिल

इथं जरा थांबून वाचा, कारण खरा घोळ बहुतेक वेळा साईजमध्येच असतो. टायरवर १७५/६५ आर १४ लिहिलंय. म्हणजे रुंदी १७५ मिमी, भिंतीची उंची रुंदीच्या ६५ टक्के म्हणजे ११४ मिमी, आणि रिम १४ इंची. पूर्ण चाकाची उंची काढायची तर भिंत दोनदा अधिक रिम: २२७.५ अधिक ३५५.६, म्हणजे ५८३ मिमी.

बाजारात अलॉयबरोबर सर्रास गळ्यात मारतात ते १९५/६० आर १५. त्याची उंची येते ६१५ मिमी. एकूण ३२ मिमी मोठं, म्हणजे वरच्या अंगाला १६ मिमी जागा गेली. रुंदी २० मिमीनं वाढली, ती दोन्हीकडं दहा-दहा. आणि नव्या रिमचा ऑफसेट, म्हणजे चाक किती आत-बाहेर बसतं त्याचा मिमीतला आकडा? अलॉयच्या पाठीमागं स्पोकवर ईटी ४५ किंवा ईटी ३५ असं कोरलेलं असतं. आकडा जितका लहान तितकं चाक बाहेर. मूळ ४५ असताना ३५ चं रिम लावलं तर आणखी १० मिमी बाहेर. झाला हिशोब: टायरचा खांदा २० मिमी बाहेर आणि १६ मिमी वर. आपला अंगठा आडवा धरून बघा, तेवढी जागा गेली. मडगार्डची कड कंपनीनं काही अंगठाभर मोकळी सोडलेली नसते.

त्याच १५ च्या रिमवर १८५/५५ घातलं तर उंची ५८४.५ येते, मूळ चाकाइतकीच. १९५/५० घातलं तर ५७६. १९५/५५ घातलं तर ५९५.५, म्हणजे दोन टक्के मोठं, ते बऱ्याच गाड्यांत चालून जातं. मी स्वतः दोन टक्क्यांच्या आत ठेवतो, तीन म्हणजे हद्द. १९५/६० साडेपाच टक्के मोठं आहे. अलॉय तसंच ठेवून फक्त टायर बदलला की माझ्याकडच्या निम्म्याहून जास्त गाड्या गप्प होतात. हे सांगितलं की गिऱ्हाइकाचं तोंड पडतं, कारण टायर नवे असतात. पण नवे टायर विकले तर काही पैसे येतात, खांदा कापलेले टायर कुणी घेत नाही.

टायर निवडताना साईजच्या पुढचा आकडाही वाचा. १७५/६५ आर १४ च्या पुढं बहुतेक वेळा ८२ असतं, म्हणजे एक टायर ४७५ किलो झेलतो. नवा टायर ८२ किंवा त्याहून वरचा घ्या. ८० चा टायर ४५० किलोचाच असतो. आणि भिंतीवर शेवटी चार आकडे असतात, जसं २३१९. म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. अलॉयबरोबर ‘जवळजवळ नवेच’ म्हणून मिळालेले टायर कितीदा तरी सात-आठ वर्षांचे निघतात. नक्षी खोल असते, पण रबर कडक झालेलं असतं.

१६ इंच हवेतच असतील तर १९५/४५ ची भिंत ८८ मिमीच राहते, मूळ ११४ होती. उसाच्या हंगामात ट्रॉल्यांनी खोदलेले रस्ते डोळ्यांसमोर आणा आणि मग ठरवा. मी नको म्हणतो.

ॲव्हरेजचा खेळ इथंच आहे. ६१५ मिमीचं चाक एका फेऱ्यात साडेपाच टक्के जास्त पळतं, पण मीटरला ते कळत नाही. गाडी १०५ किलोमीटर गेली तरी काट्यावर १००. टाकी ते टाकी हिशोब केला की ॲव्हरेज पडलेलं दिसणारच. काही खरंही पडतं, कारण चाक जड झालं आणि गिअर लांब झाल्यासारखे चालतात. पण सगळा दोष इंजिनला देऊन टप्पेट-प्लग करत बसू नका. वेगाचंही तसंच. काटे साधारणपणे थोडं जास्तच दाखवतात, मोठ्या चाकानं ती सूट संपते. समृद्धीवर १२० ची मर्यादा आहे. काट्यावर बरोबर १२० ठेवून निवांत बसलात तर तुम्ही कदाचित त्याच्या पुढं असाल.

नट, रिंग आणि भोकं

लांबच्या प्रवासात नट सैल होतायत, थरथर बॅलन्सिंगनंतरही जात नाही, तर चाक मुळात मधोमध बसलंय का ते बघा. बाजारातल्या अलॉयचं मधलं भोक मुद्दाम मोठं असतं, ६७.१ किंवा ७३.१ मिमी, म्हणजे सगळ्या गाड्यांना चालावं. चाक ज्यावर बसतं त्या तुमच्या गाडीच्या हबचं मात्र ५४.१ किंवा ५६.१ असतं. मधली पोकळी भरायला प्लास्टिकची किंवा ॲल्युमिनियमची रिंग येते. ती द्यायची दुकानदार विसरतात आणि पंक्चरवाले काढून ठेवतात. रिंग स्वस्त असते. ती बसवल्यावर दोन महिने न गेलेली थरथर एका दुपारी गेल्याचं मी पाहिलंय.

नटची टोकं बघा. काही कंपन्यांचे मूळ नट गोलसर बुडाचे असतात, बाजारातल्या अलॉयला निमुळते लागतात. चुकीचा नट घट्ट वाटतो, पण टेकतो फक्त एका रेघेवर, आणि शंभर किलोमीटरवर ढिला होतो. जुन्या सेडानला साधारण ८५ ते ११० न्यूटन-मीटर एवढा पीळ लागतो. नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात असतो. चाकं बसवल्यावर ५०-१०० किलोमीटरनं पुन्हा एकदा टॉर्क पान्यानं तपासून घ्या. पाइप लावून त्यावर उभं राहणं म्हणजे टॉर्क नाही.

बोल्टच्या भोकांचं वर्तुळ ९८ मिमीचं असताना १०० मिमीचं अलॉय ‘बसतंय की’ म्हणून लावलेलं असेल (जुन्या फियाटला हे हमखास होतं), तर तपासणी इथंच संपली. ते चाक काढा.

जॅक लावताना एक. मातीच्या अंगणात जॅकखाली फळी ठेवा, काळ्या जमिनीत तो सरळ आत जातो. जॅक लावलेल्या चाकाच्या तिरकं समोर जे चाक जमिनीवर आहे त्याला दगड लावा. आणि नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली डोकं घालायचं नाही.

मागची बाजू बसलीय का?

साईज ठीक, तरी मागून घासतंच असेल, तर आता स्प्रिंगकडं या. सपाट जागी गाडी रिकामी उभी करा. चाकाच्या मधोमधपासून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंत टेपनं मोजा, डावीकडं आणि उजवीकडं. सेंटिमीटरभराहून जास्त फरक असेल तर एक स्प्रिंग बसलीय किंवा तुटलीय. स्प्रिंगचं शेवटचं वेटोळं तुटून वाटीत बसलेलं असतं, ते लांबून दिसत नाही, हात फिरवून कळतं. डिकीत एलपीजी-सीएनजीची टाकी असलेल्या गाड्यांची मागची बाजू वर्षानुवर्षं वजनाखाली असते, तिथं हे जास्त.

शॉकअपची परीक्षा: डिकीवर जोर देऊन दाबा आणि सोडा. एकदा वर येऊन थांबली तर ठीक, डुलत राहिली तर गेला. शॉकअप गाडीला उचलून धरत नाही, उंची देते ती स्प्रिंग. म्हणून बसलेल्या गाडीला नवे शॉकअप घातले तरी ती बसलेलीच राहते.

स्प्रिंगच्या वेटोळ्यांत रबराचे बफर घालून देतात, त्यावर माझं मत विचाराल तर ती कुबडी आहे. घासणं तात्पुरतं थांबतं, पण सगळा दाब दोन वेटोळ्यांवर येतो. आणि मागून घासणाऱ्या गाडीला स्पेसर (हब आणि चाकाच्या मध्ये घालायची चकती) लावून देणारेही भेटलेत मला. स्पेसर चाक आणखी बाहेर ढकलतो! तो फक्त आतून घासत असेल तर उपयोगी, तेही नटला बोल्टवर सात-आठ पूर्ण फेरे मिळत असतील तरच. पाच फेऱ्यांत नट टेकला तर स्पेसर काढून टाका.

बॅलन्सिंग, अलाइनमेंट

हा माझाच धंदा, तरी सांगतो: आधी लोअर आर्मचे बुश (रबरी), बॉल जॉइंट आणि टाय रॉड एंड हे चाकाला धरून ठेवणारे सांधे तपासून घ्या, मगच अलाइनमेंट. ढिल्या बुशवर केलेलं अलाइनमेंट दुकानाच्या दारातून बाहेर पडेपर्यंतच टिकतं. चाक रुंद आणि बाहेर आलं की या सांध्यांवर ताण वाढतो, आणि पंधरा वर्षांच्या रबरात तो सोसायची ताकद नसते. बॅलन्सिंगच्या मशिनवर चाक फिरताना रिमच्या कडेकडं बघा, कड नाचताना दिसली तर रिम वाकलंय. थोडं वाकलेलं सरळ करता येतं. तडा गेलेलं वेल्ड करून वापरू नका, मग कुणीही हमी देवो.

मडगार्डची कड वळवणं

शेवटचा उपाय, आणि घरी करायचा नाही. कड आतल्या बाजूला पूर्ण दुमडली की आठ-दहा मिमी जागा मिळते. त्यासाठी हबला बसणारं रोलर आणि हीट गन लागते. सुरुवातीच्या काळात मी एका गाडीची कड टायर आणि मडगार्डच्या मध्ये पाइप घालून वळवली. वळली छान. पण रंगाला केसासारखे तडे गेले, पावसाळ्यात त्यातून पाणी शिरलं, आणि वर्षभरात तिथून गंज सुटला. मालक सज्जन, काही बोलले नाहीत, पण माझ्याकडं परत आलेही नाहीत. तेव्हापासून हे काम मी डेंटरकडं पाठवतो. तो आधी आतला गंज आणि पुटी बघतो. गंजलेली कड वळत नाही, फाटते.

इथं थांबा, गाडी चालवू नका

टायरच्या भिंतीला फुगा आलाय, किंवा कापलेल्या जागी आतले धागे दिसतायत. ब्रेकच्या होजला किंवा एबीएसच्या वायरला टायर लागल्याची खूण आहे. स्टेअरिंग वळवताना अडकतं. नट दुसऱ्यांदा सैल झाले. थरथर हळूहळू नाही तर अचानक वाढली. जळक्या रबराचा वास येतोय. यातलं एकही असेल तर ‘जालन्यापर्यंत हळूहळू नेतो’ म्हणू नका. स्टेपनी लावा, आणि होज, स्टेअरिंग किंवा नटचा प्रश्न असेल तर गाडी टोइंगवर चढवून चांगल्या फिटरकडं न्या. भिंतीचं पंक्चर काढून मिळत नाही, काढून देतो म्हणणाऱ्याला नमस्कार करा.

कागदाचंही बघा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीनं ठरवलेल्या नोंदीत मनानं बदल करता येत नाही, आणि अपघातानंतर विम्याचा सर्व्हेअर टायरची साईज लिहून घेतो. तुमच्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरियंटला कंपनीनं जी साईज दिली होती ती सगळ्यात बिनघोर.

आणि स्टेपनी. चारही चाकं मोठी झाली तरी डिकीत पाचवं मूळ १४ चंच असतं. ते ५०-६० च्या वेगानं जवळच्या पंक्चरवाल्यापर्यंत न्यायला चालतं, पुढच्या जिल्ह्यात नाही. अलॉयचे लांब नट लोखंडी डिस्कला नीट बसतीलच असं नाही, म्हणून मूळ चार नट एका पिशवीत घालून स्टेपनीच्या वाटीत ठेवून द्या. मागच्या दिवाळीत रात्री अकराला मंठ्याजवळून एका गिऱ्हाइकाचा फोन आला होता. स्टेपनी होती, जॅक होता, पाना होता. नट घरी, टीव्हीच्या कपाटात.